नवमीला काढलेला हमबगचा घाणा

"हात काढा! काढा म्हणतों हात! विश्रांतीस बसला आहे तो!"

सेतुमाधवराव इतक्या जोरात ओरडले की अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यापासून पार अण्णा नगरपर्यंतच्या कावळ्यांनी फांद्या बदलल्या. मी केलं होतं काय? भिंतीतल्या लोखंडी आकड्याला एक बोट लावलं होतं. आकड्याला चंदनाचे पट्टे, मधोमध कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. माझ्या लग्नात माझा थाट याच्या निम्मासुद्धा नव्हता. शेजारी तांब्याची मोठी कढई, कातरी, थर्मामीटर, तेल लावायचा ब्रश, अशी सगळी मंडळी नटूनथटून, केळीच्या पानावर चुरमुरे-फुटाणे पुढ्यात घेऊन बसलेली. आयुधपूजा नुकतीच उरकली होती. माझ्यामागे दारात आमचे एम.डी. नटेसन घाम पुसत उभे होते. आणि त्यांच्यामागे उभा होता खास विलायतेहून आलेला मालक. हमबग हाताने कसे करतात ते त्याला बघायचं होतं, आणि बघून झाल्यावर ही खोली ठेवायची की मोडायची ते ठरवायचं होतं. त्याचं विमान संध्याकाळी होतं.

थांबा. आधी सगळ्यांची ओळख करून देतो, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल.

मी गावडे, सांगलीकडचा. तरुणपणी उसाचा रस आटवून साखर करायची विद्या शिकलो आणि पोटापाण्यासाठी चेन्नईला येऊन जन्मभर त्याच साखरेचा पुन्हा रस करत बसलो. आमची कंपनी डॉबलटन अँड सन्स. नाव भारदस्त, पण गावात सगळे 'मिट्टाय कंपनी' म्हणत. मिट्टाय म्हणजे तमिळमध्ये चघळायची गोळी. वडील काय करतात असं कुणी विचारलं की माझा मुलगा 'फूड टेक्नॉलॉजी' म्हणून मोकळा व्हायचा. मी मात्र छाती काढून सांगायचो, गोळ्या करतो.

कंपनीचा मूळ पुरुष जोसाया डॉबलटन, उत्तर इंग्लंडातला औषधवाला. कापडगिरण्यांतले कामगार खोकत खोकत त्याच्या दुकानात येत. त्याने कसला तरी काढा साखरेत आटवला आणि काळी गोळी काढली. खोकला काही थांबला नाही, पण गोळी संपेपर्यंत कामगाराचं तोंड बंद राहायचं, त्यामुळे गिरणीमालक खूश. धंदा वाढला. मग बार्ली शुगर आली, बडीशेपेची गोटी आली, बटरस्कॉच आलं, पेअर ड्रॉप आला. पुढे याचा एक नातू मद्रासला आला आणि त्याने इथे भट्टी लावली. तो का आला याबद्दल मतभेद आहेत. कंपनीच्या मते व्यापारासाठी, पॅकिंगच्या बायकांच्या मते एका नर्सच्या मागे, आणि सेतुमाधवरावांच्या मते वाट चुकून.

विलायती गोळी मद्रासच्या तोंडात बसवणं म्हणजे हत्तीला सदरा घालणं. पेअर ड्रॉपचंच बघा. आमच्या गिऱ्हाइकांनी पेअर कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या गोळीला वास नखांना लावायच्या पॉलिशचा. तो मुद्दाम आणतात, तिकडे त्यालाच फळाचा वास म्हणतात. इकडे मुली पुडी हुंगायच्या, नखांकडे बघायच्या आणि पुडी परत ठेवायच्या. खोकल्याच्या गोळीत मात्र आम्ही सुंठ घातली आणि ती डिसेंबरात, गाण्याच्या हंगामात, भाताच्या बरोबरीने खपू लागली. एका गायिकाबाईंची तक्रार आली की पुढच्या रांगेतले रसिक गोळी नेमकी समेच्या आधी कडाम करून फोडतात. आम्ही न फुटणारी गोळी काढली. ती एवढी चिवट निघाली की डिसेंबरात तोंडात टाकलेली गोळी लोक पोंगलला बशीत काढून ठेवायचे, जेवायचे आणि पुन्हा तोंडात टाकायचे. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने झोप उडवणारं पेपरमिंट मागितलं. आम्ही असं दिलं की माणसं तर सोडाच, बंद पडलेले संगणकसुद्धा जागे झाले, असं त्यांचा शिपाई मला शपथेवर सांगत होता. आणि अड्यारच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी तर आपली कवळीच पार्सलने पाठवली, बटरस्कॉच रुतलेली. सोबत निरोप, की दोन्ही वेगळे करून परत पाठवावे, आधी बटरस्कॉच. आम्ही ते केलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाचे दात देवाला पोचते केलेच पाहिजेत.

पण कारखान्याची खरी शान म्हणजे हमबग. नाव ऐकून हसू नका, ही पेपरमिंटची गोळी आहे. तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे, आकार चिमुकल्या उशीसारखा, कोपरे मुरडलेले. करायची अशी. साखर आणि ग्लुकोज आटवायचं, पाक थंड पाण्यात टाकला की काचेसारखा तडकला पाहिजे इतकं. तो तेल लावलेल्या टेबलावर ओतायचा, पेपरमिंटचं तेल घालून मळायचा. मग त्यातला एक गोळा काढून भिंतीतल्या आकड्यावर टाकायचा आणि ओढायचा, दुमडायचा, परत टाकायचा, परत ओढायचा. ओढता ओढता साखरेत हवा शिरते आणि तपकिरी गोळा बगळ्यासारखा पांढरा होतो. रंगबिंग काही नाही, नुसती हवा आणि दंड. त्या पांढऱ्याचे पट्टे उरलेल्या तपकिरी गोळ्यावर लावायचे, सगळ्याची लांब दोरी ओढायची आणि कातरीने कापायची. दर कापाला दोरीला अर्धी गिरकी द्यायची, म्हणजे उशी होते. गिरकी चुकली की उशीचा लोड. हे सगळं साखर गरम आहे तोवर, म्हणजे हातमोजे घालूनही बोटं 'आई गं' म्हणत असताना. आणि खोली बंद करून, कारण चेन्नईची दमट हवा लागली की साखर रडायला लागते.

या खोलीचे राजे सेतुमाधवराव. तंजावरचे मराठे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे. त्यांचं मराठी ऐकलं की जुना दस्तऐवज अंगरखा घालून बोलायला लागलाय असं वाटायचं, आणि मध्येच त्यात तमिळ फोडणी. दंड असे की डावा दंड पाहून उजवा घाबरावा. मला ते कच्चा मराठा समजत. माझ्या बोलण्यात अनुस्वार कमी पडतात अशी त्यांची जाहीर तक्रार होती.

तर इंग्लंडातल्या मालकांनी श्रीपेरुंबुदूरकडे नवा कारखाना काढला होता. तिथे एका बाजूने पोती ओतायची आणि दुसऱ्या बाजूने पाकिटं उचलायची. हाताचा हमबग परवडत नाही, खोली मोडा, माणसं तिकडे बटणं दाबायला पाठवा, असं जवळजवळ ठरलंच होतं. शेवटचा शब्द एडमंड डॉबलटन यांचा. ते जोसायाचे खापरपणतू की काय ते. सिंगापूरला जाताना वाटेत एक दिवस उतरणार, एक घाणा बघणार, चाखणार आणि सांगणार. दिवस नटेसनसाहेबांनी विलायतेचं कॅलेंडर बघून ठरवला. तो निघाला नवमीचा, आयुधपूजेचा.

मराठी वाचकांना सांगायला हवं, तमिळ मुलखात नवमीला हत्यारं पुजतात आणि एकदा पुजली की दशमीच्या सकाळपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, सगळे रजेवर. नटेसनसाहेबांनी सेतुमाधवरावांना आधी बढतीचं आमिष दाखवलं, मग चार्जशीटचं भय. सेतुमाधवराव साहेबांच्या खिशातल्या पेनाकडे बघत होते. पेनावर चंदन होतं. साहेबांनी सकाळी घरी त्याचीही पूजा केली होती, म्हणजे चार्जशीटवर सही करायची तर ती दशमीलाच झाली असती.

मी म्हटलं, रस्त्यावर केळीचे खांब बांधून रिक्षा पळताहेत, त्यांचीही पूजा झाली आहे, मग आकड्यानेच काय घोडं मारलंय?

"रिक्षा फिरते," सेतुमाधवराव म्हणाले. "फिरणें हा तिचा आनंद. आकड्यास ओढून घ्यावें लागतें. तो कष्ट."

एडमंडसाहेब दारात उभे राहून नम्रपणे हसत होते. त्यांना वाटत होतं ही प्रात्यक्षिकाचीच सुरुवात आहे.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला, जेवायला येत नाही हे सांगायला, आणि नोकरीही बहुधा राहत नाही हेही. सौ.ने सगळं ऐकून घेतलं. ती कारवारची, पाण्यात पडलेल्या माणसाला आधी 'चप्पल कुठेय' विचारणारी.

"अहो, पण आपली पूजा उद्या दसऱ्याला," ती म्हणाली. "माझी कढई आज कामावरच आहे."

मी आत धावलो आणि सेतुमाधवरावांपुढे प्रश्न ठेवला. ज्या हत्याराची पूजा झालीच नाही, ते चालेल का? त्यांनी डोळे मिटले. तंजावरच्या दरबारात जणू खटला उभा राहिला. मग डोळे उघडून म्हणाले, "तुम्हीं लोक सगळें एक दिवस उशिरा. असो. पूजा नसलेली कढई ही नुसती कढई. सरि." सरि म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे.

सौ. रिक्षाने आली. कढई एकटी पाठवायला तिने साफ नकार दिला होता. सोबत वातीचा स्टोव्ह, पुरणपोळीच्या कणकेची पितळी परात, खोबरेल तेल आणि सुपारीचा अडकित्ता. आल्या आल्या तिने नटेसनसाहेबांना आणि विलायतेच्या मालकाला एकाच दमात बजावलं की उद्या या कढईची पूजा आहे, साखरेचा कण जरी चिकटलेला दिसला तर घासायला दोघांना घरी बोलावीन. मी इंग्रजीत भाषांतर केलं. एडमंडसाहेब म्हणाले, आनंदाने येईन. बिचाऱ्याला कढई माहीत नव्हती आणि माझी बायकोही.

पाक चढला. थर्मामीटर चंदन लावून झोपलेला, म्हणून सेतुमाधवराव कढईला कान देऊन बसले. बुडबुड्यांचा आवाज जाड होत जातो म्हणे. मला तर ते कढईशी भांडताहेत असंच वाटत होतं. मध्येच त्यांनी थेंब पाण्यात टाकला, तो तडकला. पाक परातीत, परात पाण्यात, पेपरमिंटचं तेल वर. खोलीभर असा घमघमाट की दोन वर्षं चोंदलेलं माझं नाक त्या दिवशी सुटलं ते आजतागायत वाहतंय. सगळं झक्क चाललं होतं.

आणि मग ओढायची वेळ आली.

आकडा! सौ.च्या सामानात सगळं होतं, पण भिंतीतला आकडा कुणाच्या स्वयंपाकघरात असतो? आम्ही चौफेर धावलो. वॉचमनची काठी, कुंकू लावलेली. आग विझवायच्या नळकांड्याचं हँडल, त्यालाही माळ. कँटीनचा झारा, झेंड्याचा दांडा, सायकलचं हँडल, शिडी. अहो, संडासच्या बादलीच्या कडीलासुद्धा कुणीतरी भाविकाने चंदनाचं बोट लावलं होतं. त्या दिवशी सगळ्या चेन्नईत पूजा न झालेली वाकडी वस्तू शोधून सापडली नसती. इकडे परातीत साखर घट्ट होत चाललेली. ती एकदा दगड झाली की घाणा गेला, घाणा गेला की खोली गेली. सेतुमाधवराव गोळा हातात वरखाली झेलत खोलीभर नजर फिरवत होते, आणि त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला.

ती नजर फिरत फिरत एडमंडसाहेबांच्या कोपरावर थांबली. तिथे छत्री लटकली होती. काळी, लांब, वाकड्या जाड वेताच्या मुठीची.

"गावडेराव," ते हळू म्हणाले, "ह्यांस विचारा, ह्यांनीं ह्या छत्रीची पूजा केली आहे काय?"

मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून विचारलं. एडमंडसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, पूजा अशी नाही, पण माझ्या वडिलांची छत्री आहे, आमच्या घरी तिला फार मान आहे.

"मान चालतो," सेतुमाधवराव म्हणाले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो. मूठ गरम पाण्याने धुतली, खोबरेल चोपडलं. एडमंडसाहेबांनी कोट काढला, टाय खांद्यावरून मागे टाकला, छत्री दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली, मूठ पुढे केली आणि ते आकडा झाले. सेतुमाधवरावांनी मुठीवर गोळा टाकला आणि म्हणाले, "पिडी." पिडी म्हणजे तमिळमध्ये धरा. मग ओढला. फरशीवर गोळ्यांची पिठी सांडलेली, साहेबांचे बूट विलायती पॉलिशचे. साहेब उभेच्या उभे, न हलता, देवाच्या पालखीसारखे सरकत सरकत सेतुमाधवरावांच्या छातीशी जाऊन पोचले. साखर जिथल्या तिथेच.

त्यांना परत जागेवर ढकललं. पुन्हा ओढ, पुन्हा साहेब छातीशी. तिसऱ्यांदा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला क्षणभर लग्न लागल्यासारखं वाटलं. सौ. म्हणाली, "बघत काय उभे राहिलात, धरा की त्यांना मागून." मग नटेसनसाहेबांनी मालकाची कंबर धरली. तेही सरकले. मी नटेसनसाहेबांची कंबर धरली. माझ्यामागे पॅकिंगच्या बायका, त्यांच्यामागे वॉचमन. एका टोकाला सबंध कंपनी, भांडवलासकट, आणि दुसऱ्या टोकाला एकटे सेतुमाधवराव. मध्ये साखर. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात इतकी सरळ बोलणी त्या कारखान्यात आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. ते ओढत होते, आम्ही धरत होतो, सौ. हसून हसून खाली बसली होती, आणि एडमंडसाहेब लालबुंद होऊन 'पिडी, पिडी' म्हणत होते. आणि काय सांगू, मुठीवरची तपकिरी साखर सोनेरी झाली, सोनेरीची मोतिया, मोतियाची पांढरीशुभ्र.

मग सगळं भराभर. पट्टे लागले, परातीच्या काठावरून दोरी निघाली. अडकित्ता सेतुमाधवरावांच्या हातात असा चालला की गेल्या जन्मी हे नक्की सुपारीचे शत्रू असावेत. कट, गिरकी, कट, गिरकी. परातीत हमबगांचा ढीग पडला. पहिला त्यांनी एडमंडसाहेबांपुढे धरला.

साहेबांनी तोंडात टाकला. पॅकिंगच्या बायकांनी पदर तोंडाशी धरले, नटेसनसाहेबांनी देवाचं नाव घेतलं. साहेब चघळत राहिले. हा गाल, तो गाल. छत्रीच्या मुठीला चिकटलेला साखरेचा तंतू त्यांनी बोटाने काढला आणि तोही खाल्ला. सेतुमाधवराव भिंतीकडे तोंड करून अडकित्ता पुसत होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी काही संबंधच नाही. पण अडकित्ता केव्हाच पुसून झाला होता.

"आमच्याकडे आता मशीन आहे," साहेब शेवटी म्हणाले. "मशीनचा हमबग पाहुण्यासारखा येतो आणि जातो. हा राहायला आलाय."

आणि नटेसनसाहेबांकडे वळून त्यांनी सांगून टाकलं, हा गृहस्थ इथे आहे तोवर खोली राहील. पॅकिंगच्या बायकांनी जो गलका केला त्याने छताचा पंखा उलटा फिरला.

साहेबांनी शब्द पाळला. आमचंच चुकलं. सेतुमाधवराव म्हातारे होतील हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भिंतीतला आकडा कधी म्हातारा होतो का? त्यांच्यामागे कुणाचे दंड तयार केले नाहीत. ते घरी बसले आणि वर्ष सरायच्या आत खोलीही बसली. आज तिथे फ्लॅट आहेत, खाली पोहायचा तलाव आहे. त्या तलावात पोहणाऱ्यांना अजून सर्दी होत नाही असं मी छातीठोक सांगतो. खात्री करायला जाऊ नका, वॉचमन आत सोडत नाही.

पण त्या संध्याकाळी ही गोष्ट फार लांब होती. गाडीपर्यंत पोचवायला आम्ही सगळे बाहेर आलो होतो. कढई घासायला थांबता येत नाही म्हणून एडमंडसाहेबांनी सौ.ची माफी मागितली आणि तिने ती कामगिरी मोठ्या मनाने नटेसनसाहेबांच्या नावावर केली. गाडीत बसता बसता साहेब थबकले. एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. त्यांनी मला सेतुमाधवरावांना विचारायला सांगितलं, की आज मी छत्री आणलीच नसती तर? तर तुम्ही पुजलेल्या आकड्याला हात लावला असता, की खोली जाऊ दिली असती?

मी विचारलं. सेतुमाधवरावांनी साहेबांना पायापासून वर न्याहाळलं आणि गळ्यापाशी थांबले.

"टाय होता न," ते म्हणाले.